अण्णा परुळकरांचं ताटाळं

परवा नातवाकडे गेले होते. तो स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी ठोकून बसलेला आणि पुढ्यात डिशवॉशरची जाळी. ताटं उभी ठेवायच्या तारांची टोकं गंजून झडली होती. नातवाच्या एका हातात काचकागद, दुसऱ्या हातात रंगाची चिमुकली बाटली, बाजूला रबरी टोप्यांची पुडी. नातसून ओट्याला टेकून बघत उभी होती. मी तिला विचारलं, "नवी जाळी मिळत नाही का गं?"

"मिळते की आजी. पण घरी दुरुस्त करण्यात मजा असते म्हणे."

ती हसत होती. मी हसले नाही. म्हटलं, "आत्ताच आवर घाल. हा रोग वाढतो."

कारण मी अण्णा परुळकरांच्या शेजारी संसार केलेला आहे.

मोडकं सांधणाऱ्या माणसांबद्दल लोक फार गहिवरून बोलतात. काय तो जुना काळ, काय ती वस्तू जपायची वृत्ती! ज्यांच्या घरात असा माणूस कधी राहिला नाही, त्यांनी खुशाल गहिवरावं. मी लग्न होऊन गिरगावात आले ते संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत. आमच्या आणि अण्णांच्या खोल्यांमध्ये एक लाकडी पार्टिशन होतं, आणि त्या पार्टिशनमधून मला रोज सकाळी जाग यायची ती कानशीच्या आवाजाने. खर्र, खर्र, खर्र. कोंबडासुद्धा एवढा नेमाने आरवत नसेल.

अण्णा फोर्टात एका जहाज कंपनीत कारकून होते. उंच, कडक इस्त्रीचे, चालताना मान किंचित मागे. लोक सदऱ्याच्या खिशाला पेन लावतात, अण्णा तिथे घडी केलेला काचकागद ठेवत. कुणाच्याही घरी गेले की आधी बसायच्या खुर्चीवर, मग टेबलावर, मग स्टोव्हवर बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि डॉक्टर छातीला कान लावतो तसा कान लावायचे. मग डोळे मिटून म्हणायचे, "जीव आहे अजून हिच्यात." त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "वस्तू मरत नसते, माणूस तिला मारतो." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या स्वप्नातसुद्धा एकदा एक बादली तसं म्हणाली होती.

बरं, एवढी दुरुस्तीची हौस, तर माणसाकडे हत्यारं असावीत की नाही? त्यांच्या मालकीचा होता एक हातोडा, तोही दांडा निखळलेला. तो दांडा दुरुस्त करायला त्यांना कधी सवड झाली नाही. पक्कड आमची, कानस तळमजल्यावरच्या सुताराची, ब्रश देवळाच्या रंगाऱ्याचा. नेलेलं हत्यार परत यायचं ते त्यांच्याच हातची दुरुस्ती होऊन, म्हणजे निकामी होऊन. त्यांनी सांधलेली छत्री उघडायची, पण मिटायची नाही. पावसाळाभर ती गॅलरीत उघडीच पडलेली असायची आणि आम्ही सगळे तिला वळसा घालून नळावर जायचो. त्यांनी पाय बसवलेल्या स्टुलावर एकदा आमचे हे बसले आणि बोलता बोलता हळूहळू खाली गेले. अण्णा शांतपणे म्हणाले, "तुम्ही मध्यावर बसला नाहीत."

पण या सगळ्यांत त्यांचा जीव होता तो ताटाळ्यावर. ताटाळं म्हणजे भिंतीला टांगायची, ताटं उभी लावायची लोखंडी चौकट. आता कुणाच्या घरी दिसत नाही म्हणून सांगितलं. परुळकरांचं ताटाळं अण्णांच्या आईच्या काळातलं. पट्ट्यांना पापुद्रे सुटलेले, मधल्या काही दांड्या गळून गेलेल्या, खालचा दांडा मध्येच वाकलेला. खिळा धरणारी भिंतीतली लाकडी गुट्टी सैल, त्यामुळे ते एका अंगाला कललेलं. मी एकदा तसं म्हटलं तर अण्णा म्हणाले, "ताटाळं सरळ आहे. भिंत वाकडी आहे." नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते, प्रत्यक्ष पाहिली ती त्या दिवशी.

ह्या ताटाळ्याचा जाच होता वहिनींना. अण्णांची बायको, इंदूवहिनी. लालबागच्या. भाऊ बाबीदादा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. घरात सगळे मालवणी बोलणारे, खळखळून हसणारे. वहिनी लग्न होऊन गिरगावात आल्या आणि अण्णांनी त्यांना पहिली दुरुस्ती केली ती भाषेची. "गिरगावात राहतेस. जरा शुद्ध बोलत जा." ह्यांचे स्वतःचे वडील परुळ्याहून गलबतातून आलेले, आयुष्यभर 'खंय' आणि 'थंय' करत गेले, पण मुलाला एकदम शुद्धीचा उमाळा. वहिनी मग मोजूनमापून बोलायला लागल्या. मोजून बोलणारं माणूस हळूहळू बोलायचंच कमी होतं, हे मी त्यांच्यात पाहिलं.

बाबीदादाने बहिणीला स्टेनलेस स्टीलची ताटं दिली होती. तेव्हा स्टीलची केवढी नवलाई! आमच्याकडे पितळी, कल्हईची. वहिनींची ती ताटं बघायला चाळीतल्या बायका आल्या होत्या आणि एकीने त्यात बघून कुंकू सारखं केलं होतं. पण ओली ताटं त्या ताटाळ्यात लावली की कडेला तांबडी रेघ उठायची. वहिनी चिंचेने घासायच्या, राखेने घासायच्या. रेघ जायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. "माहेरचं एवढं एकच आहे गो माझ्याकडे," त्या मला म्हणाल्या होत्या, "आणि त्यालाच डाग." त्यांना दागिना नको होता, साडी नको होती. तांबाकाट्याला, भांड्यांच्या बाजारात, एका दुकानात निकेलचं ताटाळं टांगलेलं त्यांनी पाहिलं होतं, तेवढं हवं होतं. मोठ्या मुश्किलीने अण्णा तयार झाले. येत्या रविवारी जाऊन आणायचं ठरलं.

तेवढ्यात चाळीच्या चौकात सभा झाली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी होती आणि माणसं पेटली होती. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला होता. त्या भरात एकेक जण उठून प्रतिज्ञा करायला लागला. एकाने मुंबई मिळेपर्यंत पायांत वहाण घालणार नाही म्हणून सांगितलं, आणि त्या भल्या माणसाने ते खरोखर पाळलं. एका मास्तरांनी चहा सोडला; आठवड्याच्या आत ते इराण्याच्या दुकानात मागच्या टेबलावर दिसले, ते सोडा. मग अण्णा उठले. मान मागे टाकून म्हणाले, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत माझ्या घरात एकही नवी वस्तू येणार नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी वरच्या गॅलरीत वहिनींच्या शेजारी उभी होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, आणि मधेच हात थांबले. त्यांना रविवार आठवला होता. एका दगडात दोन पक्षी मारणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण देशभक्तीच्या दगडाने बायकोचं ताटाळं पाडणारा हा एकच.

आता त्यांच्या दुरुस्तीला तत्त्वाचं बळ आलं. पूर्वी ते चिक्कू होते, आता त्यागी झाले. त्यांनी ताटाळं उतरवून घासलं आणि गंज पुन्हा चढू नये म्हणून त्याला शेंदूर आणि जवसाच्या तेलाचा हात दिला. लोखंडी पुलांना हाच हात देतात म्हणे. असेल. पण पुलावर कुणी जेवत नाही. तेल कच्चं होतं, शेंदूर काही वाळेना. वरच्या मजल्यावरच्या महाडिककाकू, नजरेने अधू, चिंच मागायला आल्या. अंधाऱ्या स्वयंपाकघरात भिंतीवर शेंदरी काहीतरी दिसलं तशी त्यांनी चपला बाहेर काढल्या, हात जोडले आणि कपाळ टेकवलं. कपाळाला शेंदूर लागला, तो त्यांनी प्रसाद समजून तसाच ठेवला. शनिवारी त्या तेल आणि रुईची माळ घेऊन हजर! वहिनी मला बोलवायला आल्या तेव्हा त्यांचा चेहरा हसावं की रडावं असा झाला होता.

दुसरा कुणी असता तर शरमेने पाणी पाणी झाला असता. अण्णा म्हणाले, "लोकांची श्रद्धा आहे. आपण कशाला मोडा?" महाडिककाकू पुढेही कितीतरी शनिवार येत राहिल्या. ताटांच्या कडा मात्र आता तांबड्याच्या शेंदरी झाल्या.

मग संचारबंदीचे दिवस आले. त्या दिवसांबद्दल मी थट्टेने बोलणार नाही. बाहेर काय चाललं होतं ते आम्हाला ऐकू येत होतं, आणि आमच्याच गल्लीतला एक तरुण मुलगा घरी परत आला नाही. चाळ श्वास रोखून बसलेली. आणि अशा वेळी अण्णांनी ताटाळ्याचा वाकलेला दांडा ठोकून सरळ करायला घेतला. ठण्, ठण्, ठण्. माणसं दचकून खिडक्यांपासून दूर झाली, पोरं रडायला लागली. आमच्या ह्यांनी पार्टिशनवर मूठ आपटून सांगितलं, "अण्णा, आज राहू द्या हो!" आतून उत्तर आलं, "लोखंड गरम आहे!"

शेवटी खाली गस्त घालणारा एक पोलीस जिना चढून वर आला. आपलाच, साताऱ्याकडचा. म्हणाला, "काय चाललंय?" अण्णांनी ताटाळं दाखवलं. तो बघतच राहिला. "आवाज नको साहेब, लोकं घाबरत्यात," एवढं बोलून बिचारा खाली गेला. झालं. पुढे पाच-सहा महिन्यांनी मी अण्णांना चौकात बोलताना ऐकलं: "माझ्याही घरी पोलीस शिरले होते. पण मी हातातलं काम खाली ठेवलं नाही." ऐकणाऱ्यांतल्या एकाने त्यांना वाकून नमस्कार केला. परत न आलेल्या मुलाचे वडील तिथेच बाकावर बसलेले होते. ते उठून घरी गेले. मला मात्र अण्णांचा त्या दिवशी जो संताप आला तो अजून गेलेला नाही.

शेंदूर अर्धामुर्धा उतरला तेव्हा अण्णांनी नवा उपाय काढला. सायकलवाल्याकडून चाकात हवा धरायची बारीक रबरी नळी आणली, म्हणजे टाकून दिलेले तुकडे आणले, आणि एकेका दांडीवर चढवली. टोकं उघडी राहिली तिथे डांबर लावलं. दिवाळी तोंडावर होती. भाऊबीजेला बाबीदादा लालबागहून येणार म्हणून वहिनींनी ताटं लख्ख घासली आणि मुद्दाम ताटाळ्यात न लावता पेटीत साड्यांच्या घडीत ठेवली. अण्णांनी ती सकाळी शोधून काढली. "मी एवढं केलं ते काय पेटीत ठेवायला?" म्हणून स्वतःच्या हाताने ताटाळ्यात लावली.

दुपारी बाबीदादा पाटावर बसला. दांडगा माणूस, हसरा, हाताला कापसाचा वास. वहिनींनी ओवाळलं, ताट वाढलं. मी पुरणपोळी द्यायला गेले होते, दारात उभी होते. त्याने ताट जवळ ओढलं आणि बोटं काळी झाली. कडेला डांबराचा फराटा, खाली गंजाची जुनी रेघ. भाताला सायकलच्या दुकानाचा वास. त्याने ताट उचलून उजेडात धरलं.

"बाये, ह्या ताटाक काय झाला गो?"

वहिनींनी मान खाली घातली. अण्णा समोरून म्हणाले, "तात्पुरतं आहे. प्रतिज्ञा आहे माझी."

बाबीदादाने एकदा अण्णांकडे बघितलं, एकदा बहिणीकडे. मग खाली मान घालून तो सगळं जेवला, डांबर बाजूला सारत जेवला. जाताना मात्र जिन्याशी वहिनींना म्हणाला, "तुका दिलंय ता तुझा, गो. तू कित्याक असा ऱ्हवतंस?" वहिनी उत्तरल्या त्या शुद्ध मराठीत. "होईल दादा. महाराष्ट्र झाला की होईल."

त्या दिवसापासून वहिनी चळवळीत पडल्या. कधी उंबऱ्याबाहेर आवाज न काढलेली ही बाई प्रभातफेरीत सर्वांत पुढे. बायकांचा मोर्चा निघाला त्यात त्यांचा आवाज टिपेला. ढकलाढकलीत मनगट सुजवून घरी आल्या, हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. अण्णा ह्या काळात, कचेरीची वेळ सोडली तर, घरीच असत. ताटाळ्याला सतत कुणीतरी लागायचं ना. चाळीत वहिनींचं कौतुक व्हायला लागलं. मी एकदा मनगटाला शेक देता देता म्हटलं, "वहिनी, तुम्ही केवढ्या बदललात!" तर त्या हसल्या, किती दिवसांनी, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "शालू, महाराष्ट्र आला की दुसऱ्या दिवशी तांबाकाटा. तू यायचंस माझ्याबरोबर." कुणी राज्यासाठी लढलं, कुणी भाषेसाठी. वहिनी त्यासाठीही लढल्या असतील, पण त्या ताटाळ्यासाठीही लढल्या, आणि मला त्यात काहीएक कमीपणा वाटत नाही. घरातलं राज्य मिळवायला त्यांना आधी बाहेरचं मिळवावं लागत होतं, त्याला त्या काय करणार?

आणि खरंच तो दिवस आला. महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला. चाळीवर दिव्यांच्या माळा चढल्या, दारोदार गुढ्या, साखर वाटणं. वहिनी सकाळीच न्हाऊन, जरीकाठी नेसून तयार. अण्णा छातीला फीत लावून गॅलरीत चार माणसांत उभे होते. वहिनी जवळ गेल्या आणि सगळ्यांसमोर, पण हळूच म्हणाल्या, "झाली ना आता प्रतिज्ञा पुरी? उद्या जाऊ या?"

अण्णांनी मान मागे टाकली. मला ती मान दिसली तेव्हाच कळलं.

"पुरी? बेळगाव कुठे आहे? कारवार? निपाणी? आपले भाऊ बाहेर राहिलेत आणि मी घरात नव्या वस्तू आणू? माझी प्रतिज्ञा अखंड महाराष्ट्राची आहे!"

त्यांची प्रतिज्ञा मुंबईपुरती होती. सबंध चाळीने ती ऐकलेली होती. पण चार माणसांनी टाळ्या वाजवल्या. माणसांना टाळ्या वाजवायला काय लागतं? बेळगाव राहिलं ह्याचं दुःख मलाही होतं, पण ते दुःख वहिनींच्या ताटांवर का काढायचं, हे त्या चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. वहिनी आत गेल्या.

दुपारी अण्णा मिरवणुकीला गेले आणि थोड्याच वेळात पार्टिशनपलीकडे काहीतरी कोसळल्याचा आवाज झाला. मी धावले. वहिनी स्टुलावर उभ्या, दोन्ही हातांत ताटाळं, भिंतीचा गिलावा केसांत. गुट्टीसकट उपटलं होतं त्यांनी. सायकलच्या नळ्या, डांबर, खाली शेंदूर, त्याखाली गंज; इतकी वर्षं त्या भिंतीवर थरांवर थर चढलेले. "धर गो एका बाजून," त्या म्हणाल्या. आम्ही दोघींनी ते जिन्यावरून खाली नेलं आणि नाक्यावरच्या भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकलं. वर येऊन वहिनींनी ताटं धुतली, स्वच्छ पुसली आणि पदर पसरून त्यावर ओळीने मांडली.

दिवेलागणीला मिरवणूक आमच्या रस्त्याने परतली. आम्ही दोघी गॅलरीत उभ्या होतो. लेझीम, ढोल, गुलालाचा नुसता धुरळा, आणि त्या गर्दीच्या मधोमध अण्णा. डोक्यावर ताटाळं. नाक्यावर त्यांनी ते हातगाडीत ओळखलं होतं आणि उचलून घेतलं होतं. लोकांना वाटलं, मिरवणुकीतलाच काही देखावा असेल. त्यांनी त्याच्यावर गुलाल उधळला, कुणीतरी झेंडूची माळ घातली, पोरं "जय!" म्हणून ओरडली. अण्णांनी मान हलवून तो जयजयकार स्वीकारला. वाद्यांच्या तालावर त्यांचं पाऊलही पडत होतं.

वहिनींनी ते शेवटपर्यंत पाहिलं. मग त्या आत गेल्या आणि आतून कडी घातली.

अण्णा वर आले. ताटाळं दाराला अडकत होतं म्हणून त्यांनी ते खाली ठेवलं आणि कडी वाजवली. पुन्हा वाजवली. "इंदू, उघड. लोक बघतायत." खरंच बघत होते, अख्खी गॅलरी मिरवणूक सोडून इकडे वळली होती.

आतून वहिनींचा आवाज आला. मोर्च्यातला आवाज, आणि माहेरची भाषा.

"आधी बेळगाव येवंदे. मगे दार उघडतंय."

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळी गॅलरी हसली. महाडिककाकूंना काय झालं ते दिसलं नाही, पण त्याही हसल्या. ह्या वेळी टाळ्या वाजल्या त्या मात्र वहिनींसाठी.

आमचं बिऱ्हाड दादरला हलवायचं आधीच ठरलेलं होतं, ते दुसऱ्या दिवशी पहाटेच हलवलं, त्यामुळे दार कधी उघडलं, कोणत्या अटीवर उघडलं, ते मी पाहिलं नाही. अण्णांना पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. त्यांनी कडी आणखी एकदा वाजवली. मग भिंतीला पाठ लावून खाली बसले, ताटाळं मांडीवर घेतलं, त्याच्यावर पेराने टकटक केलं, कान लावला. आणि खिशातून काचकागद काढून, गुलालाखालचा गंज घासायला लागले.